आपली ती एकी

रेवाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे मॉर्मन कुठून शोधून काढले देव जाणे. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत निघालेला नवा पंथ. मिझुरी राज्यात येऊन वसले आणि सगळे मिळून एकालाच मत द्यायला लागले. आधीच्या लोकांना वाटलं, आता हेच आपल्यावर राज्य करणार. मग मतदानाच्या दिवशी अडवाअडवी, दांडकी, आणि शेवटी गव्हर्नरचा हुकूम, की यांना हाकला नाहीतर संपवा.

"आई, ब्लॉक व्होटला मराठीत काय म्हणतात?"

"एकगठ्ठा," सोफ्यावरून आमचे हे, दयानंद, बोलले. आखातात शुक्रवारची सुट्टी, यांची रुसैलची फॅक्टरी बंद. "आपल्या गावात बघ की. मोहल्ल्याची मतं एकगठ्ठा. मग लोक चिडणार नाहीत तर काय आरती ओवाळणार?"

अहो, समोर खुदेजा चहा पीत बसली होती! वरच्या मजल्यावर राहते, पण मूळची आमच्याच गावच्या मोहल्ल्यातली. तिचा नवरा बदरुद्दीन मतदानासाठी गावी गेलेला. त्याच दिवशी पंचायतीचं मतदान होतं आणि सरपंचपदाला माझा दीर धनंजय उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि आपल्या वाडीने देवळात गाऱ्हाणं घालून एकच नाव ठरवलं, ते काय होतं?" मी विचारलं.

"ती एकी."

"वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

खुदेजा कशीबशी हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावाहून तिच्या दिराचा. "कुठं लागलं? शुद्धीवर आहेत ना?" एवढंच विचारून तिने फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं. मतदान होतं त्या शाळेच्या गेटवर मारामारी झाली होती. बदरुद्दीनच्या डोक्यात दांडका बसला होता, त्याला रत्नागिरीला नेत होते.

यांनी घाईघाईने धनंजयला फोन लावला, नेहमीच्या सवयीने स्पीकरवर.

"दादा, टेन्शन नको," धनंजय खुशीत होता. "तू सांगितलंस तसंच केलं. गेटवरच अडवले, मोहल्ल्यातला एकही आत जाऊ दिला नाही."

यांनी फोन कापला, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. रेवा बापाकडे डोळे फाडून बघत होती. सतरा वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढतेय, आणि मला पत्ता नाही!

"मी फक्त अडवा म्हटलं होतं," हे पुटपुटले. "मारा नव्हतं म्हटलं, वहिनी. आईशप्पथ."

खुदेजा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "भावजी," ती म्हणाली, "मोहल्ल्याशी भांडून गेले होते ते. दयानंदचा भाऊ उभा आहे, मत त्यालाच देणार म्हणाले."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो वहिनी, मग आधी सांगायचं ना! धनंजयला सांगून ठेवलं असतं, बदरुला सोडा म्हणून."

तेव्हा माझं डोकंच सणकलं.

"म्हणजे? मत दुसऱ्याला देणार असते, तर फोडायचं होतं डोकं?"

मी खुदेजाला हाताला धरून उठवलं आणि तिचं तिकीट काढायला तिच्याबरोबर वर गेले.