सपाट जागा

दिपमालाने जीप सिमेंटच्या खळ्यावर आणून उभी केली, चाकांना धोंडे लावले आणि ओढणी कमरेला खोचून सरळ गाडीखाली शिरली. झुलाल आबा धोतराचा सोगा सावरत खाली उतरले. आतून पान्याची करकर ऐकू आली, तसे ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"आते काय खोली राहिनी तू?"

"बॅलन्स रॉड सोडतेय, आबा."

"चढ समोर शे, आन तू नट ढिल्ला करी राहिनी? लोके घाट लागाना पहिले नट आवळतस!"

गाडीखालून हसू आलं. मग दोन हात बाहेर आले आणि त्यांनी आबांच्या ओंजळीत दोन तेलकट बोल्ट ठेवले. "हे सांभाळा. हरवले तर आपल्याला इथेच संसार मांडावा लागेल."

बाहेर येऊन तिने आबांना पुढच्या चाकांमागची वाकडी सळई दाखवली. दोन्ही टोकं आता मोकळी झाली होती आणि तिने ती तारेने वर बांधून टाकली होती.

"हा रॉड दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. डांबरी रस्त्यावर ते बरंच, वळणावर गाडी कलंडत नाही. पण डोंगरात एक चाक धोंड्यावर चढलं की ते दुसऱ्यालाही वर ओढतं, मग दुसरं हवेत. सोडून दिलं की ज्याचं त्याचं चाक आपापल्या खड्ड्यात पाय टेकतं."

"आन परत?"

"परत येताना इथेच जोडायचा. म्हणून तर ही सपाट जागा बघून थांबले. सपाटीवर भोकं आपोआप समोरासमोर येतात, बोल्ट नुसत्या हाताने आत जातो. उंचसखल जागी जोडायला गेलं तर जीव जातो."

आबांनी बोल्ट रुमालात बांधून बंडीच्या खिशात ठेवले. हे गणित त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण सुनेच्या बोलण्यात कुठे अडखळ नव्हती आणि आबांचा विश्वास अशा बोलण्यावर बसायचा. पहूरची पोर. बापाच्या काळ्या-पिवळ्या जीपा जळगाव रस्त्यावर धावायच्या आणि ही परकरात असल्यापासून त्यांच्याखाली लोळलेली. लग्न होऊन चोपड्याकडे आली तेव्हा भाऊबंदकीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती, की सुनेच्या पोळ्या म्हणजे चारी दिशांना पसरलेले नकाशे. ते खरंच होतं. पण आज तिचा नवरा स्वप्नील केळीची गाडी भरण्यात अडकला होता, श्रावणातल्या पुराने डोंगररस्त्यावरच्या नाल्याचा फरशीपूल वाहून नेला होता, एक ट्रॅक्टर त्या नाल्यात पालथा पडून होता आणि फटफटी घेऊन वर जायला गावातला एकही बहाद्दर तयार नव्हता. मग ही नकाशेवालीच उठली, म्हणाली, "चला आबा, नानांना घेऊन येऊ."

नाना म्हणजे तोताराम, आबांचे थोरले भाऊ. उद्या कानबाईचा सण. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळायला घ्यायचा तर पहिली मूठ घरातल्या थोरल्याने टाकायची, ही रीत. चार वर्षं ती मूठ आबाच टाकत होते आणि चारही वेळा त्यांचा हात पाटीवर अडखळला होता. कारण नाना काही देवाघरी गेले नव्हते. ते पंधरा कोसांच्या आत, डोंगराच्या कुशीतल्या बरडावर, एकटे राहत होते.

भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. वाटणीच्या दिवशी पंचांसमोर आबा एवढंच म्हणाले होते, "नानाले आते झेपत नही, बागायत मी देखस." आबांच्या मनात मायाच होती. थोरल्याने आता सावलीत बसावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण चारचौघांत झेपत नाही म्हटल्यावर कुठल्या बाप्याला गोड लागेल? नाना टोपी झटकून उठले, विहीर-बागायत सगळं धाकट्याकडे सोडून बरडावर निघून गेले आणि त्या दिवसापासून आबांशी एक अक्षर बोलले नाहीत. आबांना रोट नको होते, मूठ नको होती. थोरल्याच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकावं, एवढीच त्यांची भूक उरली होती.

नाल्यापाशी आल्यावर आबांनी दांडा घट्ट धरला आणि कानबाईचं नाव घेतलं. पलीकडे ट्रॅक्टर अजून पालथा होता. दिपमालाने गाडी अगदी हळू उतरवली. उजवं चाक बैलाएवढ्या धोंड्यावर चढलं. आबांनी खिडकीतून वाकून पाहिलं तर डावं चाक खाली, खोल खड्ड्यात उतरून तळ शोधत होतं, अंधारात जिन्याची पायरी शोधणाऱ्या माणसासारखं. तळ सापडला. गाडी हूं करून पुढे झाली. दिपमालाच्या कपाळावर आठी नव्हती, ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. असा हात आबांनी औतावर एकाच माणसाचा पाहिला होता, आणि तो माणूस वर बरडावर बसला होता.

बरडावर पोचल्यावर आबा गाडीजवळच थांबले. दिपमाला झोपडीत गेली. बऱ्याच वेळाने नानांचा आवाज आला, मुद्दाम बाहेर ऐकू येईल असा:

"कानबाईना बलावा शे म्हनीन येस. पन झुलालसंगे मी बोलनार नही, आते सांगी ठेवस."

"नका बोलू, नाना," दिपमाला म्हणाली. "गाडीत आवाजही फार होतो."

नाना पिशवी घेऊन बाहेर आले. चार वर्षांत वाळले होते, पण चाल तीच, ताठ. आबांकडे न बघता ते मागच्या बाकावर चढले. उतार लागल्यावर थोड्या वेळाने मागून हुकूम आला:

"दिपमाला, पुढे बशेल मानूसले सांग, काच लाव म्हना. वारं लागी राहिनं."

पुढे बसलेल्या माणसाने निमूट काच वर केली. त्याला राग आला नाही.

परतीला नाला आणखी अवघड निघाला. मधे एकदा पुढची दोन्ही चाकं अशी वरखाली झाली, की आबांना वाटलं आता आपणही त्या ट्रॅक्टरशेजारी. मागे नाना पुटपुटले, "वा रे पोरी!" आबांच्याही तोंडात तेच आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

नाला संपला, घाट संपला. डांबरी रस्ता आता फार लांब नव्हता. एका बाभळीखाली, एक चाक उंचवट्यावर आणि एक चाक घळीत, अशी दिपमालाने गाडी थांबवली. धोंडे लावले, आबांकडून रुमालातले बोल्ट घेतले आणि चाकाशेजारी आडवी झाली. एका बाजूचा बोल्ट गेला. दुसऱ्या बाजूला तिची खटपट सुरू झाली.

"बोटभर वर राहिलंय भोक," ती आतून म्हणाली. "आबा, जरा या बाजूच्या मडगार्डवर बसा बरं. गाडी खाली दबायला हवी."

आबा बसले. पाय लोंबकळू लागले. गावातलं कुणी बघत नव्हतं ते बरं होतं.

"अजून थोडं."

आबांनी श्वास सोडून जड व्हायचा प्रयत्न केला.

"नाही हो आबा, तुमच्या एकट्याने नाही होत."

मागच्या बाकावरून खाकरणं ऐकू आलं. नाना खाली उतरले, गाडीला वळसा घालून समोर येऊन उभे राहिले आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकट्याकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"एकलाले झेपत नही त्येले," ते म्हणाले.

आबांची मान खाली गेली. "नही झेपत, नाना," ते हळूच म्हणाले. "खरंच नही झेपत."

नानांनी टोपी सारखी केली आणि ते शेजारी चढून बसले. मडगार्ड ते केवढं. खांद्याला खांदा लागला. गाडी कुरकुरत दबली.

"आता हलू नका," दिपमालाचा आवाज आला. "उतरायचं मी सांगेन तेव्हाच."

बाभळीत एक होला घुमत होता. खालून पान्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"वावर सपाट करताना बाप आपले असंच फळीवर बसाडे," नाना समोर बघत म्हणाले. "वजन म्हनीन. याद शे?"

"शे ना. ढेकूळ उनं का फळी उसळे."

"तू रडे."

"रडू, पन पडनू नही. तू मन्हा सदरा धरी ठेवे."

नाना हसले नाहीत. पण त्यांचा हात आबांच्या पाठीमागून गेला आणि मडगार्डच्या पलीकडच्या कडेवर टेकला, जणू गाडी अजून नाल्यातच होती.

दिपमालाला तो एक बोल्ट बसवायला फार वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा केसांत माती होती आणि चेहरा अगदी साधा होता. "झालं. उतरा," ती म्हणाली. दोघं म्हातारे एकमेकांना धरून उतरले.

गाडी निघाली. बाभळीपासून रस्ता जरासा वळला आणि समोर ते सिमेंटचं खळं आलं, परातीसारखं सपाट, सकाळी लावलेल्या धोंड्यांसकट. गाडी न थांबता पुढे गेली. आबांनी काच खाली करून मागे पडणाऱ्या खळ्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"दिपमाला," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आपलं खळं तं मागे ऱ्हाई गयं."

"हो का?" तिने गिअर बदलला. "लक्षातच नाही आलं, आबा."

नाल्यातला धोंडा न् धोंडा लक्षात ठेवणारी पोर. आबांनी रिकामा रुमाल उलगडला, त्यावरचे तेलाचे डाग पाहिले आणि नीट घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला. डांबरी रस्ता लागला. पहिल्याच वळणावर गाडी जराही न कलता सरळ निघाली आणि वारा आत घुसला.

"झुलाल," मागून नाना म्हणाले, "काच लाव रे."

आबांनी काच लावली.