टाइल्सची भिंत

जुना कॅमेरा विकत घ्यायचा तर आधी फर्डिनंड अंकलना दाखवायचा, हे वसईतल्या हौशी मंडळींचं ठरलेलं होतं. चाळीस वर्षं लग्नं आणि चर्चमधले कम्युनियनचे सोहळे टिपलेला माणूस. ते नाही म्हणाले की कॅमेरा आल्या पिशवीतून परत जायचा.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते घरी आले, तर नायगावचा कल्पेश ओट्यावर बसलेला. त्याला खाडीवरच्या पक्ष्यांचं वेड. दोन दिवस वापरून बघायच्या बोलीवर त्याने मधल्या श्रेणीचा एक डीएसएलआर आणला होता.

"उद्या सांगायचंय, अंकल. हो की नाही."

फर्डिनंडनी लेन्सची रिंग फिरवून पाहिली, शटरचा आवाज कानाशी धरून ऐकला. आतल्या अंधाऱ्या खोलीत आयएसओ चढवून चार फोटो काढले. अंधारात फोटोवर येतात ते रवाळ दाणे कमी होते. "पैसे वसूल," ते म्हणाले. मग कॅमेरा तिपाईवर चढवून परसात नेला. धुण्याच्या दगडामागे पांढऱ्या टाइल्सची भिंत होती. शेवटची परीक्षा नेहमी तिथे, टाइल्सच्या सांध्यांच्या सरळ रेषांवर व्हायची.

डावा डोळा मिटून त्यांनी उजवा व्ह्यूफाइंडरला लावला आणि लगेच मान मागे घेतली.

"पडलेला आहे हा."

"काय बोलता! एक स्क्रॅच नाही."

"मधली रेषा वाकतेय, पोट आल्यासारखी. वर करडा डाग. लेन्स वाकवते ती कडेला, मध्ये नाही. आतली काच हलली असणार. देऊन टाक परत."

त्यांची मुलगी जीना कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिने भिंतीचा एक फोटो काढला आणि कार्ड लॅपटॉपला लावलं. फोटोत रेषा काठीसारखी सरळ होती.

"फोटोत दिसणारच नाही," फर्डिनंड म्हणाले. "फोटो सेन्सरवर पडतो. मी बघतो ते आरशातून वर गेलेलं."

बोलणं बिनचूक होतं. जीनाने मान हलवली आणि स्वतः व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. मग कल्पेशने लावला.

"मला तर सरळच दिसतंय, अंकल."

"तुला बगळा आणि बदक सारखंच दिसतं."

कल्पेश हसला. जीना हसली नाही. "डॅडी, डाव्या डोळ्याने बघा."

"कशाला? सगळा जन्म उजव्याने गेला."

"एकदा बघा तर."

ते वाकले. डाव्या डोळ्याला रेषा वरपासून खालपर्यंत सरळ दिसली. डाग नव्हता. पुन्हा उजवा. वाकडी. मग कॅमेऱ्यापासून दूर होऊन त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि नुसत्याच भिंतीकडे पाहिलं. रेषेला पोट आलेलंच होतं. जीनाकडे वळले. तिचे कान दिसले, केस दिसले. नाकाच्या जागी धूर होता.

त्यांच्या आईला म्हातारपणी दाराची चौकट वाकडी दिसायची. घरात सगळे थट्टा करायचे, फर्डिनंडही करायचे. पुढे ती माणसं आवाजावरून ओळखायला लागली. पोटच्या पोरांनासुद्धा.

ते आत गेले आणि कॅमेऱ्यांची वही घेऊन बाहेर आले. तपासलेला प्रत्येक कॅमेरा त्या वहीत तारखेसकट असायचा. मनालीचा: मधली रेषा किंचित वाकडी, घेऊ नये. स्टेफीचा: मध्ये वाकडी, धूसर, घेऊ नये. कंपन्या वेगळ्या, लेन्सा वेगळ्या. मनालीने तेव्हा किती विनवलं होतं, एकदा परत बघा ना अंकल. त्यांनी बघितलं नव्हतं.

"मग हा घेऊ?" कल्पेशने चाचरत विचारलं.

"घे. कॅमेरा चांगला आहे."

"तुम्ही बरे आहात ना, अंकल?"

ते वही चाळत राहिले. कल्पेशने तिपाईचे पाय हळूच मिटले आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

जीनाने ओट्यावरून डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला होता. एका डोळ्याने रेषा वाकड्या दिसतात, मध्ये डाग आहे, आजीलाही होतं, असं ती हळू आवाजात सांगत होती. मग फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "कधीपासून, विचारतायत."

फर्डिनंडनी वहीचं पान मागे उलटलं. मनालीच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"बारा जानेवारी."

आता मे संपत आला होता. जीनाने तारीख फोनवर सांगितली आणि ती ऐकत राहिली. पलीकडचे काय म्हणाले ते तिने बापाला सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "डॅडी, चप्पल घाला. आत्ताच बोलावलंय."