अर्ध्या तासाचं मलम

तान्हीला न्हाऊ घालायला बनाबाईंनी न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले, तोच राजनंदिनीनं तान्हीला पुन्हा उराशी घेतलं.

“आजपास्नं ऱ्हाऊ द्या, मावशी. गाल बघा पोरीचा. तुमच्या डाळीच्या पिठानंच झालंय.”

“आवं, तुमचा नवराबी ह्याच पिठानं न्हायलाय. त्याचं काय सोललं?”

राजनंदिनीनं नकारार्थी मान हलवली. बनाबाई उठल्या आणि कोरड्याच हातांनी निघून गेल्या.

गालावरच्या लाल चट्ट्याच्या कडेला तपकिरी झाक होती. दारातल्या संयोगितानं, राजनंदिनीच्या नणंदेनं, ती ओळखली आणि आपल्या लांब बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

सांगलीच्या डॉक्टरांनी सोरायसिसचं मलम देताना बजावलं होतं : फक्त चट्ट्यांवर लावायचं, अर्ध्या तासानं धुऊन टाकायचं. घाईघाईनं वाढणाऱ्या पेशींना ते आवर घालतं, पण चांगल्या कातडीला लागलं तर तिलाही पोळवतं, डाग पाडतं. परवा वहिनी दळण आणायला गेली होती. संयोगिता कडी लावून हातांना मलम लावत बसली होती. तान्ही रडली, आणि तिनं धावत जाऊन तशाच हातांनी तिला उचललं. तान्ही तिच्या हातावर गाल टेकून झोपली होती.

दुपारी चुलीपाशी तिनं बाह्या वर केल्या.

“वहिनी, पिठानं न्हाई. माझ्या मलमानं झालंय.”

राजनंदिनीनं तिच्या हातांवरचे खवले वाकून पाहिले.

“लागतं व्हय हे?”

“रोग लागत न्हाई. मलम लागलं.”

राजनंदिनीनं लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “भाईर बोलू नगंस. शालूकाकूंनी आणलेलं स्थळ उद्या तुला बघाय येतंय. बनाबाईंना काय, धा घरं हायेत.”

संयोगितानं बाह्या खाली केल्या.

संध्याकाळी शेजारच्या शालूबाई कुंपणाच्या भिंतीपाशी आल्या. “आमच्या सुनंनंबी बनाबाईला नगं म्हटलं. लेकराचा जीव, जोखीम कशाला?”

राजनंदिनी वाळलेले कपडे काढत होती. दोरीवरचा तिचा हात थांबला.

संयोगिता भिंतीपाशी गेली. “काकू, त्यांचा दोष न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या हाताचं मलम लागलं पोरीला.” तिनं बाही वर करून उघडा हात भिंतीवर ठेवला.

शालूबाईंनी तो हात पाहिला. मग मागं वळून त्यांनी सुनेला हाक मारली.

“अगं, बनाबाईला निरोप धाड. सकाळी ये म्हणावं.”

संयोगिताला बघायला उद्या येणाऱ्या पाव्हण्यांचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.