आधी गरम होऊ दे

"सरक, मी घेते," म्हणत तोफेने वॉर्डबॉयला बाजूला केलं आणि स्वतः छाती दाबायला लागली. तोफ म्हणजे त्या वॉर्डातली सगळ्यात जुनी सिस्टर. ती एका टोकाला ओरडली की दुसऱ्या टोकाचा पेशंट मुकाट्याने गोळी गिळायचा.

पलंगावरचा माणूस मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधला हमाल. आत पाय घसरला, डोकं आपटलं, आणि बाहेरच्यांनी कुणी नाही समजून दार लावून घेतलं. सकाळी सापडला तेव्हा ताठ झालेला. नाडी नाही, श्वास नाही. त्याची बायको तिथेच मासे निवडायची. तिनेच त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

"गेले का हो?" तिने दारातून विचारलं.

"गप्प बस गं!" तोफ कडाडली. "गारठलेल्या माणसाला असं गेला म्हणत नाहीत. आधी गरम होऊ दे!"

यात खोटं काहीच नव्हतं. थंडीने बंद पडलेलं हृदय कधीकधी फार उशिराही चालू होतं. म्हणून आधी ऊब द्यायची, मग काय ते ठरवायचं. पण बाईने नेमकं 'गरम होऊ दे' तेवढंच ऐकलं.

कोमट सलाईन लावली, अंगावर गरम हवेची चादर घातली. पाळीपाळीने छाती दाबणं चालूच होतं. तोफेच्या मनगटांचा पार भुगा झाला. "ऊठ रे बाबा," ती पुटपुटत होती, "माझ्यासाठी नको, त्या बाहेरच्या वेडीसाठी ऊठ." अंगाची ऊब हळूहळू जिवंत माणसासारखी झाली. मशीनच्या पडद्यावरची सरळ रेघ मात्र ढिम्म हलेना.

"पुरे, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "आता तो गरम आहे."

"अजून थोडं, सर."

"तुम्हाला माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. तिने हात काढले.

बायकोला आत बोलावलं. तोफ तोंड उघडणार, तोच बाईने नवऱ्याचे पाय धरले आणि तिचा चेहरा फुलला. "सिस्टर, गरम झाले! सकाळी नुसता बर्फ होता हो! तुम्ही म्हणाला होतात ना?"

"अगं..." म्हणत तोफेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईने तिच्याकडे बघितलं, मग बंद केलेल्या मशीनकडे. हसू हळूहळू मावळलं. ती रडली नाही. वर सरकलेली चादर तिने खाली ओढली.

"पाय उघडे नका ठेवू हो," ती म्हणाली. "पुन्हा गार पडतील."

तोफ वाकली आणि तिने दुसऱ्या बाजूने चादर नीट खोचली.