सिनेमातलं ताकाचं भांडं

मी शेकर बोलतोय. शेकर म्हणजे काय, हे मला विचारू नका, कारण तोच माझा प्रश्न आहे. अंगाने मी स्टीलचा, पेल्याहून उंच आणि तांब्याहून सडपातळ. खाली पेला, मधे बारीक भोकांची मान आणि वर टोपीएवढं झाकण, असे माझे तीन भाग. कारखान्यात मला चकाकी देणारा माणूस शेजारच्याला म्हणाला होता, "यात काय घालत असतील रे?" शेजारचा म्हणाला, "काहीतरी घालत असतील." एवढ्या माहितीवर मी जगात आलो.

खोक्यातून बाहेर पडलो तो थेट वसमतच्या दोन खोल्यांच्या घरात. संतोष आणि निलम हे नवरा-बायको माझे मालक. संतोष साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा गोडवा तपासतो, निलम शाळेत गणित शिकवते. संतोषचा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे, निलमचं माहेर पुसेगावकडचं. घरात दोघं गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. मी तुमच्यासाठी मराठीत सांगतोय, कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

या दोघांना तीन गोष्टींचं वेड. घरी करून खाणं, सिनेमा बघणं आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी. रोज संध्याकाळी काहीतरी नवं शिजायचंच, पण खरा थाट रविवारी दुपारी. निलम ज्वारीची कडक भाकरी करायची, तिच्यावर ठेचा आणि तळलेला कांदा. संतोष पोळपाट उभा करून त्याला लॅपटॉप टेकवायचा. मग माझी पाळी. उसाचा रस, आलं, लिंबू, बर्फ आणि बाटलीतली रम, एका माणसाला एक झाकण. हळदीच्या हंगामात संतोषने ओली हळद किसून घातली होती. दोन आठवडे मी आतून पिवळा होतो आणि माझं लग्न ठरलंय की काय, हे मला कळत नव्हतं.

त्या सिनेमांत मी दारू पिणारी माणसं बघितली. ती बाटल्या फोडायची, रडायची, बायकोवर ओरडायची. आणि इथे तीच दारू पोटात घेऊन मी बसलेलो, तर माझे मालक सिनेमा थांबवून भांडतायत की नायिकेने पत्र उघडायला हवं होतं की नको. एक-एक ग्लास संपला की मला राखेने घासून पालथा घालायचे. मी वाईट आहे की चांगला, याचा मला काही मेळ लागेना.

गणपतीनंतर संतोषचे आई-वडील राहायला आले. वडिलांचं, म्हणजे थावराबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन वसमतला व्हायचं होतं. ते यायच्या आदल्या दिवशी संतोषने बाटली मित्राकडे नेऊन ठेवली आणि मला वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागे ढकललं.

"याडीला कळलं तर ती या घरात पाऊल ठेवणार नाही," तो निलमला म्हणाला. याडी म्हणजे आई. आवाजात त्याच्या खरीच भीती होती. थावराबांचे थोरले भाऊ हिरासिंग दारूने गेले, चाळिशीही न गाठता. त्या दिवशी थावराबांनी पिणं सोडलं आणि बेबीबाईने, म्हणजे याच याडीने, शपथ घेतली, की ज्या घरात दारूचा थेंब असेल तिथलं पाणीही पिणार नाही. आता मी ज्या घरात होतो, त्या घरातलं पाणी पिऊन ती माऊली तीन आठवडे राहणार होती. बरणीमागे माझा जीव गुदमरला.

चौथ्या दिवशीच लोणचं काढताना बेबीबाईचा हात माझ्यावर पडला.

"काहून लपवून ठिवलं गं हे? कायचं भांडं हाय?"

निलमच्या हातात कणीक होती. मान वर न करता ती म्हणाली, "ताकाचं हाय, याडी."

झालं. मी ताकाचा झालो. बेबीबाईने झाकण उघडून पाहिलं, भोकांतून पाणी ओतून पाहिलं आणि तिला मी फार आवडलो. दही, पाणी, मीठ, चिमूटभर जिरं. दोन्ही हातांत धरून ती मला असं घुसळायची, की तसं संतोषने कधी घुसळलं नव्हतं. लोण्याचे गोळे मानेच्या भोकांत अडकायचे आणि स्वच्छ ताक खाली पडायचं. "बनवनारा हुशार हाय," ती म्हणायची. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. आणि लगेच वाईटही वाटायचं, कारण ती ज्याचं कौतुक करत होती तो मी होतो की नव्हतो?

रविवार आला. सिनेमा चुकवायचा नाही असं ठरलं, म्हणून चौघं बसले. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले थावराबा मधूनमधून "आता काय झालं?" विचारत होते. निलमने भाकरी, ठेचा आणि बेबीबाईने ताक दिलं होतं. सिनेमात मोठं हॉटेल आलं. चकचकीत काउंटरमागे काळ्या कोटातला एक पोरगा उभा होता आणि त्याच्या हातात हुबेहूब मी होतो.

संतोषचा घास तोंडातच राहिला.

"आवं, बघा तरी!" बेबीबाई ओरडली. "आपलं ताकाचं भांडं! सिनेमातला पोरगा बी ताक करून राहिलाय. कसा दोन हातांनी हलवतोय, बराबर माझ्यासारखा!"

संतोष पडद्याकडे बघत राहिला, निलम ताटाकडे. बेबीबाईचा चेहरा मात्र इतका उजळला होता, की मला वाटलं, आत्ताच्या आत्ता फळीवरून उडी मारावी.

थावराबांची पट्टी निघाली आणि दोघं तांड्यावर परतले. जाताना बेबीबाईने मला मागून घेतलं. "दिवाळीला धबुकाराचं तूप ह्याच्यात ठिवते. तुमी या तवा परत देते." संतोष नाही म्हणू शकला नाही. ताकाचं भांडं द्यायला नाही म्हणायचं तरी कसं?

तांड्यावर मी मोठा माणूस झालो. बेबीबाई प्रत्येकीला सांगायची की असलंच भांडं सिनेमात आहे. शेजारच्या जिवनबाईने तर मला हातात घेऊन फोटो काढला. बेबीबाईने घरच्या लोण्याचं तूप कढवलं, मला गरम पाण्यात उभं केलं आणि काठोकाठ भरलं. इतकी सुगंधी गोष्ट माझ्या पोटात कधी गेली नव्हती.

दिवाळीला संतोष आणि निलम आले. चुलीपुढे निखारे काढले होते. घरातला वडीलधारा गेलेल्या माणसांची नावं घेत निखाऱ्यावर गोड भात आणि तूप सोडतो, त्याला धबुकार म्हणतात. निखाऱ्यावरून धूर वर गेला, की ते जेवले असं मानायचं. थावराबांनी आपल्या आजोबांचं नाव घेतलं, वाटीतलं तूप सोडलं. वडिलांचं नाव घेतलं. वाटी संपली. बेबीबाईने मला पुढे केलं आणि थावराबा म्हणाले, "हिरासिंग."

"थांबा, बा!"

निलम उठून उभी राहिली होती. "त्यातलं तूप नका सोडू. ते भांडं ताकाचं नाही. आम्ही त्यात दारू मिसळून पितो, रविवारी. मी खोटं बोलले."

संतोषने डोळे मिटून घेतले. भावाच्या नावाने पुढे केलेला थावराबांचा हात तसाच हवेत राहिला. मी बेबीबाईच्या हातात होतो आणि त्या हातांचा गारठा मला कळत होता. ज्या माणसाला दारूने नेलं, त्याला मी जेवू घालायला निघालो होतो. लाज कशी वाटते, हे मला त्या दिवशी समजलं.

बेबीबाई ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "सिनेमा बघताना मी ताक म्हनले. तवा तुमी मला हसत व्हता?"

"न्हाई, याडी. घाबरलो व्हतो," निलम म्हणाली आणि रडू लागली.

थावराबा म्हणाले, "जिवनबाईकडून वाटीभर तूप आणा." आणलं. हिरासिंगच्या नावाने उसनं तूप निखाऱ्यावर पडलं. मला कोणीतरी कोपऱ्यात ठेवलं. संतोष आणि निलम दुसऱ्या दिवशी मला न घेताच गेले. माझ्या पोटातलं तूप थिजलं. ते टाकावं की खावं, देवाचं की दारूचं, हे तांड्यावर कोणालाच ठरवता येईना आणि मला तर नाहीच नाही.

दोन रविवार फोन आला नाही. संतोष करत नव्हता आणि बेबीबाई वाट बघत होती.

आज तिसरा रविवार. सकाळी बेबीबाईने ते तूप काढून दारातल्या दिव्यांना घातलं, मला कढत पाण्याने धुतलं, पिशवीत घातलं आणि एकटीच एसटीने वसमतला आली. दार निलमने उघडलं. बेबीबाईने मला ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "करून दाखव."

"काय, याडी?"

"तुमी करता ते. सगळं. मला बघू दे."

निलमने संतोषकडे पाहिलं. मग रस ओतला, आलं, लिंबू, बर्फ. शेवटी मित्राकडून परत आलेली बाटली काढून एक झाकण रम.

"एवढीच?"

"एकाला एवढीच."

"मग काहून लपवली?"

निलम बाटलीचं झाकण लावत राहिली. बेबीबाई ओट्याला टेकून म्हणाली, "थोरले भाऊजी बी एवढ्यापासूनच लपवून पित व्हते. लपवलेलं कोनी मोजत न्हाई. आमाला कळलं तवा उशीर झाला व्हता."

"मी आजपासून सोडतो, याडी," संतोष म्हणाला.

"माझ्या भ्यानं सोडशील त माझ्या मागं पिशील. तुझं तू ठरव. फक्त मला ताक म्हनून सांगू नको."

संतोषने मला हातात घेतलं होतं. हलवत नव्हता, ओतूनही देत नव्हता. खाली बघत म्हणाला, "तुला कळलं तर तू यायचंच बंद करशील, असं वाटलं मला."

"आले न्हवं का," बेबीबाई म्हणाली. मग पदराने तोंड पुसून तिने निलमला विचारलं, की भाकरीचं पीठ मळलंय का.

आता तिघं आत बसलेत. सिनेमा लागलाय. बेबीबाई मोठ्याने विचारतेय, की त्या पोरीचा नवरा कोणता. मी ओट्यावर आहे, अर्धा भरलेला, झाकण लावलेला. आतला बर्फ वितळतोय आणि मी कशाचं भांडं आहे, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर मला जरूर सांगा. 'येतो' म्हणून निरोपही घेता येत नाही, कारण मी कुठे जाणार आहे तेही माहीत नाही. एक विनंती करतो. तुमच्या घरी असं काही भांडं असेल, तर आईने विचारल्यावर तिला खरं सांगा. ती रागावेल. पाणी प्यायची नाही कदाचित.

आत्ताच बेबीबाईने निलमला हाक मारली. पाणी मागतेय.