व्याह्यांची खुर्ची

आमच्या मुलीचे सासरे दातांचे डॉक्टर आहेत आणि आमच्या ह्यांचे पुढचे दात त्यामुळेच गेले. ऐकायला उफराटं वाटेल, पण झालं ते असं झालं.

मुलीचं लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसं बसली होती. बोलणी सुरळीत पार पडली. कुणीतरी विनोद केला आणि आमचे हे खळखळून हसले. हे हसायचे तेव्हा थेट मागच्या दाढांपर्यंत दर्शन व्हायचं. समोर बसलेले व्याही पुढे वाकले, मान तिरकी करून बघितलं आणि भर बैठकीत म्हणाले, "व्याही, तुमचा वरचा दात हलतोय. हिरड्याही सुजल्यात. घासता की नाही?"

सगळे हसले. ह्यांनी तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड व्याह्यांसमोर पुन्हा कधी उघडलं नाही. त्यांच्या घरी जेवायला गेलो तरी हे मान खाली घालून मिशांच्या आडून घास ढकलायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढा काय राग? औषध तरी घ्या." तर म्हणाले, "त्या माणसाला माझं तोंड दिसणार नाही. मेल्यावरही बांधून ठेव."

दात नुसता खाण्यापुरता असता तर मीही सोडून दिलं असतं. पण हे बागेतल्या बँडमध्ये पहिला क्लॅरिनेट वाजवतात. बागेच्या मधोमध गोल चौथरा आहे, दर रविवारी संध्याकाळी तिथे बँड बसतो. पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची बँडमास्तरच्या डाव्या हाताला. तिच्या मागच्या खुर्चीवर लांब्या बसतो. लांब्या चांगला वाजवतो, हेच ह्यांचं खरं दुखणं. क्लॅरिनेटचं माउथपीस वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकतं. दात हलला की सूर हलतो. म्हणजे लांब्याने काहीच करायचं नव्हतं, फक्त वाट बघायची होती.

शेवटी एका सकाळी ह्यांचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला. मुलीचा फोन आला, तेव्हा मी सांगून टाकलं आणि फोन ह्यांच्या कानाला लावला. ती म्हणाली, "बाबा, आता या. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे गेलात तर मी या घरात तोंड कसं दाखवू?"

"तू दाखव की," हे म्हणाले, "मी नाही दाखवणार."

दुसऱ्या दिवशी मी चपला घालून दारात उभी राहिले. हे निमूट निघाले. दुखणं माणसाला शहाणं करत नाही, पण चालायला लावतं.

व्याह्यांचा दवाखाना त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीत बाकांवर माणसं गाल धरून बसलेली. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, कारण व्याह्यांना आतून बाहेरच्यांशीही बोलायला आवडतं.

"या या, व्याही!" ते मोठ्याने म्हणाले. "कितीतरी वर्षांनी दर्शन. दातांचं म्हणतोय."

"दुखतंय म्हणून आलोय. गप्पा मारायला नाही."

"गप्पा मीच मारणार. तुमच्या तोंडात माझे हात असतील."

हे खुर्चीत बसले, पण तोंड मिटूनच. व्याह्यांनी विचारायला सुरुवात केली. "घासताना रक्त येतं?"

"नाही."

"येतं," मी म्हणाले. "ब्रश लाल होतो."

"तू गप्प बस."

"रक्तात साखर?"

"चहात घालतो तेवढीच."

"गोळी चालू आहे," मी म्हणाले. "घेतात कधी, विसरतात कधी."

व्याह्यांनी पेन खाली ठेवलं. "विहीणबाई, तुम्हीच बसा खुर्चीत. ह्यांच्या तोंडापेक्षा तुमच्या तोंडातून जास्त कळतंय." मग ह्यांच्याकडे वळून, "अहो, डॉक्टरशी खोटं बोलून फसवता कुणाला? मी काय पोलीस आहे?"

"पोलीस परवडला. तो चारचौघांत कुणाच्या तोंडात डोकावत नाही."

बाहेर बाकावर कुणीतरी खुसखुसलं. व्याह्यांचे कान लाल झाले. "आ करा," ते म्हणाले, आणि वरचा दिवा असा खाली ओढला की ह्यांनी डोळे मिटून घेतले.

ओठ वर केल्यावर मात्र व्याह्यांची बडबड थांबली. त्यांनी बारीक चिमटा घेतला आणि हिरडीच्या कडेला हळूच काहीतरी पकडलं. हे कण्हले. चिमट्याच्या टोकाला काळपट दोऱ्याचं एक वेटोळं आलं. व्याह्यांनी ते पांढऱ्या कापसावर ठेवलं. परत चिमटा घातला. आणखी एक वेटोळं. मग आणखी एक.

"हे काय आहे?"

हे तोंड पुसत म्हणाले, "मेण लावलेला दोरा. रेशमी."

"दिसतंय मला. पण तोंडात कुणी घातला?"

"मी." आणि मग, मान थोडी ताठ करून, "क्लॅरिनेटचा सांधा सैल झाला की त्याला मेणाचा दोरा गुंडाळतात. पक्का बसतो. आमच्या उस्तादांपासून चालत आलंय. दात तरी काय, सांधाच. दोन्ही दात एकत्र आवळून बांधले. पहिले काही दिवस असे खुंटीसारखे बसले! मग दोरा निसटायचा, कुठे पडायचा कळायचं नाही. मग नवा बांधायचो."

माझ्या शिवणाच्या डब्यातलं रेशीम कुठे जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

"पडत नव्हता, व्याही." ते आता मोठ्याने बोलत नव्हते, पण दात-ओठ खात बोलत होते. "दात वर निमुळता असतो. दोरा सरकत सरकत हिरडीत गेला. एकावर एक गेले. दाताला धरणारं हाड त्यांनी कातरून टाकलं. हलणारा दात मी वाचवला असता. तुम्ही त्याला गळफास दिलात, आणि शेजारच्यालाही. आता दोन्ही काढावे लागतील."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग मी वाजवू कशावर?"

"ते आधी सुचायला हवं होतं."

हे ताडकन उठले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच लोंबत होता. "चल गं," मला म्हणाले. "ह्यांना माझे दातच काढायचे होते. लग्न ठरवलं त्याच दिवशी सुरुवात केली होती."

"अहो, तेव्हाच आला असतात तर दात आज तोंडात असते!" व्याही ओरडले.

हे दारात वळले. "तेव्हा चारचौघांत बोलला नसतात, तर आलो असतो!"

बाहेरच्या बाकांवर कुणी गालावरचा हातसुद्धा हलवला नाही. व्याही चिमटा धरून उभे. वरच्या मजल्यावर मुलीच्या पावलांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनेही ऐकलं असणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ; मी कुणाच्या बाजूने बोलणार?

मग व्याह्यांनी एक गोष्ट केली. ते पुढे आले, आणि मला वाटलं आता हात धरून बाहेर काढतात. पण त्यांनी ह्यांच्या अंगावरून हात लांब करून दार लावून घेतलं. आतून कडीही लावली.

"बसा," ते म्हणाले. माफी वगैरे काही नाही, चेहरा तितकाच आंबट. "आता फक्त आपण तिघं आहोत. वाजवताना जोर नेमका कुठे येतो, दाखवा."

ह्यांनी लावलेल्या कडीकडे बघितलं. मग कोटाच्या खिशातून माउथपीस काढलं. ते खिशातच असतं, जेवतानाही. त्याच्यावर वरच्या बाजूला दोन खळगे आहेत, वर्षानुवर्षं दात टेकून पडलेले. व्याह्यांनी त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"कवळी इथे टिकणार नाही, उचकटेल," ते म्हणाले. "बाजूचे धड दात धरून ब्रिज बसवता येईल. पण हिरड्या भरल्याशिवाय नाही, आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय तर मी हातच लावणार नाही. तोवर वाद्य बंद."

"तोवर लांब्या बसेल माझ्या खुर्चीवर."

"बसू दे. आणि नंतर पहिल्यासारखं वाजेलच, असं मी सांगत नाही."

"मग काय सांगता?"

"रक्त येतं का, ते."

ह्यांनी खुर्चीत अंग टाकलं. वरच्या दिव्याकडे बघत म्हणाले, "येतं. बैठक झाली तेव्हाही येत होतं."

सूज उतरल्यावर दात काढले. लांब्या पुढच्या खुर्चीवर गेला. हे रविवारी घरी बसून खिडकी लावून घ्यायचे, कारण बागेतला आवाज आमच्या गल्लीपर्यंत येतो. पण गोळी वेळेवर घ्यायचे, रागाने घ्यायचे, पाण्याचा पेला आपटून घ्यायचे. तपासायला जायचे तेव्हा दोघं एकमेकांना टोमणे मारायचे, पण दार लावून. बाहेर बसून मला नुसती गुरगुर ऐकू यायची.

ब्रिज बसला. हे पुन्हा बँडमध्ये गेले, लांब्याच्या मागच्या खुर्चीवर. मास्तर म्हणाले, "आधी ऐकू, मग बघू." त्या संध्याकाळी व्याही बागेत आले, पहिल्या रांगेत बसले आणि कार्यक्रमभर ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ह्यांनीही त्यांच्यावर नजर रोखून वाजवलं. सूर भरून येत होते. शेवटच्या तुकड्यात वरचा सूर मात्र जरा फाटला.

टाळ्या झाल्या. माणसं उठायच्या आत व्याही चौथऱ्यापाशी पोचले. लांब्या तिथेच, मास्तर तिथेच.

"व्याही," ते मोठ्याने म्हणाले, "तुमचा तो डावीकडचा..."

ह्यांचे ओठ मिटले. मी घाईने चौथऱ्यापाशी गेले.

व्याह्यांनी आजूबाजूला बघितलं. मग वाक्य तिथेच टाकून दोन पायऱ्या चढले, वाकले आणि ह्यांच्या कानात काहीतरी बोलले.

हे कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. "तुम्हीच बसवलाय तो वाकडा," हे हळूच म्हणाले. "उद्या सकाळी येतो. दार लावून ठेवा."