रंगाखालचा तडा

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. चार माणसे जेमतेम बसतील एवढे लहान, एका इंजिनाचे. सध्या मी ठाण्यात एका तंत्रशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहे, आणि माझा उजवा पंख माझ्या शेजारी लाकडी टेकूंवर आडवा ठेवलेला आहे. तो पंख माझ्यापासून का काढला, ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे. त्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक जण दुसऱ्याचा संशय घेत होता. मीही घेत होते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून खोक्यांत बसून मी मुंबईला उतरले, तिथे माझे भाग जोडले गेले आणि कल्याणच्या पूर्वेला, मलंगगडाच्या वाटेवरच्या एका उड्डाण क्लबात माझी नेमणूक झाली. तिथली धावपट्टी लढाईच्या काळात गोऱ्यांनी बांधलेली होती. फटींतून गवत उगवायचे, दुपारी गुरे येऊन बसायची. आमचा मदतनीस भिवाजी शेजारच्याच गावचा. प्रत्येक उड्डाणाआधी तो काठी घेऊन गुरे हाकायचा.

गावातल्या लोकांना माझा भरवसा नव्हता. पट्टीला लागून सखुबाईचे भेंडीचे वावर होते. कारखान्यांसाठी जमिनी घ्यायच्या म्हणून सरकार माझ्यातून फोटो काढते, असे तिच्या मनाने घेतले होते. मी डोक्यावरून गेले की ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मी दिसेनासे होईपर्यंत हलायची नाही. भिवाजीने तिला परोपरीने समजावले. ती वळण्याचे कारण विचारायची, "मंग इमान आमच्याच शेतावरशी कनाला वलतं?"

मला तिचा राग येत नसे. उडणाऱ्याला संशयी असावेच लागते. पेट्रोलमध्ये पाणी तर नाही, चाकात हवा आहे ना, शेपटीची खीळ सैल तर नाही, हे सगळे हात लावून बघितल्याशिवाय कोणी मला जमिनीवरून उचलत नसे. संशय हेच माझे बाळकडू होते म्हणा ना.

क्लबाचे मुख्य शिक्षक होते चौबळ सर. ठाण्याचे राहणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. त्यांच्या हातात मी असले की मला माझाच अभिमान वाटे. आम्ही मोहने गावच्या कारखान्याच्या चिमणीपर्यंत जायचो. तिच्या धुरावरून वारा कुठला ते कळायचे. तिथे सर मला असे वळवायचे की एक पंख थेट जमिनीकडे आणि दुसरा आभाळाकडे. खाली नदीवर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून वर बघायच्या. किती वर्षे मी त्या चिमणीला वळसे घातले, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पंखांच्या मुळाशी केवढा ताण पडला, याचा विचार तेव्हा कोणीच केला नाही.

सत्त्याऐंशी साली क्लबाच्या वर्धापनदिनाला मोठे पाहुणे यायचे होते. मला धुतले, पुसले, पांढराशुभ्र रंग दिला, नाकावर हार घातला. पाहुण्यांनी माझ्या अंगावर हात फिरवून म्हटले, "नवीनच आहे की हे." सर प्रसन्न हसले.

त्यानंतर काही महिन्यांनी बातमी आली. दूरच्या एका देशात माझ्याच जातीच्या, माझ्याएवढ्याच वयाच्या विमानाचा पंख हवेत असताना तुटला. आत दोघे होते, दोघेही गेले. तो पंख जिथे अंगाला जोडलेला असतो, तिथल्या लोखंडी सांध्यात तडा गेला होता. लगेच सरकारी हुकूम निघाला. या जातीच्या प्रत्येक विमानाचे सांधे उघडून तडे तपासायचे. त्याआधी मोजके तास उडायची मुभा होती, त्यापुढे तपासल्याशिवाय एकही उड्डाण नाही.

तपासणीसाठी ठाण्याहून एक इंजिनीअर बाई आल्या. नंदा भोईर. तिशीच्या आतल्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बॅटरी, भिंग आणि तीन डबे. त्यांनी माझ्या उजव्या पंखाच्या मुळाशी असलेले झाकण उघडले, आत बॅटरी मारली आणि भिंगातून बराच वेळ न्याहाळत राहिल्या. मला त्या आवडल्या नाहीत. एखादी बाई आपल्या घरात येऊन कोपरे धुंडाळते आहे, असे मला वाटले.

"आतून रंग कोणी दिलाय?" त्यांनी भिवाजीला विचारले.

भिवाजीने खाली पाहिले. "मला काय ठाऊक, मॅडम," तो म्हणाला आणि बादली उचलून निघून गेला.

नंदाबाईंच्या कपाळावर आठी पडली. माझ्याही मनात पाल चुकचुकली. भिवाजीनेच मला रंग दिला होता, हे मी पाहिले होते. मग तो खोटे का बोलला?

चौबळ सर आले तेव्हा नंदाबाईंनी स्पष्ट सांगितले, "सर, सांध्यावर जाड रंग आहे. रंगाखालचं काही दिसत नाही. रंग काढून धातू उघडा करावा लागेल. त्याशिवाय मी तपासलं असं म्हणू शकत नाही."

"गेल्याच वर्षी पूर्ण तपासणी झाली आहे."

"तेव्हा हा सांधा बघायचा असं कोणाला माहीत नव्हतं."

सर थोडे जवळ आले. "तुम्ही मानपाड्याच्या ना? तुमच्या लोकांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या. आता या पट्टीवर कोणाचा डोळा आहे? विमान बंद पडलं की क्लब बंद, क्लब बंद की जागा तुमच्या लोकांना मोकळी. रंग काढताना एक ओरखडा ओढायचा आणि तडा म्हणायचं, किती वेळ लागतो?"

नंदाबाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "आमची जमीन गेली, सर. आम्ही दिली नव्हती. आणि ओरखडा कुठला, तडा कुठला, हे तुम्ही स्वतः भिंगातून बघा. मी बाजूला उभी राहते."

सरांनी परवानगी दिली नाही. हुकमातले तास अजून शिल्लक होते, त्यामुळे नंदाबाईंना मला अडवता येत नव्हते. त्या क्लबाच्या शेडच्या दाराशी एका खोक्यावर बसून राहिल्या.

त्याच दिवशी मंजुळाचे पहिले एकटीचे उड्डाण ठरलेले होते. मंजुळा दुर्गाडीजवळच्या कोळीवाड्यातली, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. सुट्टीच्या दिवशी शिकायला यायची. शेजारीण म्हणायची, लग्नाच्या वयात ही आभाळात काय करते. मंजुळा ऐकून घ्यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. सरांवर तिचा देवासारखा विश्वास होता.

सरांचा आणि नंदाबाईंचा वाद तिच्या कानावर गेला होता. ती माझ्यात बसली. इंजिन सुरू केले. मी थरथरू लागले, पंखा गरगरू लागला. सरांनी अंगठा दाखवला. मंजुळाने एकदा उजव्या पंखाकडे पाहिले, मग समोर, मग पुन्हा पंखाकडे. आणि तिने इंजिन बंद केले.

"काय झालं?" सर धावत आले.

"सर, मला उडायचंय. खूप उडायचंय. पण आज मी गेले तर सगळा वेळ पंखाकडेच बघत राहीन. उतरताना समोर कोण बघणार?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे ओ, सर." माझ्यावरून हळूच हात फिरवून ती खाली उतरली.

सरांना तो मोठा अपमान वाटला. "बाजूला हो. मी दाखवतो तुम्हाला सगळ्यांना," असे म्हणून ते माझ्यात चढले आणि एकटेच निघाले.

मित्रांनो, तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. मला काहीच दुखत नव्हते. मी नेहमीसारखे धावले, नेहमीसारखे उचलले गेले. आवाज नाही, कंप नाही. मी मनात म्हणत होते, बघा, मी किती धडधाकट आहे.

चिमणी जवळ आली. मी त्या उभ्या वळणाची वाट पाहू लागले. पण सरांच्या हाताने मला झुकवलेच नाही. त्यांनी मला इतके सावकाश, इतके लांबून वळवले, जसे भरलेली बैलगाडी बांधावरून वळवतात. दांड्यावरची त्यांची मूठ घामाने ओली झाली होती. त्यांची मान पुन्हा पुन्हा उजवीकडे वळत होती. ज्या माणसाने मला इतकी वर्षे बिनधास्त उडवले, त्याच्या हाताला आज माझा भरवसा नव्हता. तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःचा संशय आला.

आम्ही उतरलो. इंजिन बंद झाल्यावरही सर आत बसून होते. मग खाली उतरून ते नंदाबाईंजवळ गेले आणि म्हणाले, "काढा रंग."

रंग निघाला. धातू उघडा पडला, मळकट, करडा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. नंदाबाईंनी त्यावर लाल औषध लावले, थोडा वेळ मुरू दिले, पुसून टाकले आणि वरून पांढरी भुकटी फवारली. धातूत फट असेल तर आत शिरलेले लाल औषध पांढऱ्यावर झिरपते. सगळे वाकून बघत राहिले. आधी काहीच नाही. मग बोल्टच्या भोकापासून एक बारीक लाल रेघ हळूहळू उमटली. करंगळीच्या नखाएवढी.

नंदाबाईंनी ती पुसली. भिंग सरांच्या हातात दिले आणि डबेही. "आता तुम्ही करा."

सरांनी स्वतःच्या हाताने सगळे पुन्हा केले. रेघ त्याच जागी उमटली.

मग सर भिवाजीकडे वळले. "तू रंग देताना बघितलं होतंस. लपवलंस ना?"

भिवाजी पुढे आला. "सर, तुम्हीच बोललेले. पाहुणे येणारेत, आतबाहेर सगळं चकाचक कर, गंज कुठे दिसता नये. मला तडा कुठे दिसायला? मी तुमचं काम केलं."

"मग सकाळी मला का नाही सांगितलंस?" नंदाबाईंनी विचारले.

"बाहेरच्या माणसासमोर सरांचं नाव कसं घेऊ, मॅडम?"

सरांनी डोक्यावरची टोपी काढली. "खरं आहे. मीच सांगितलं होतं. भिवाजी, माझं चुकलं."

भिवाजीने शेडमध्ये पडलेले रंगाचे जुने रिकामे डबे गोळा केले आणि मागच्या दाराने नेऊन ठेवले. नंदाबाई त्याच्यामागे गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही, पण दोघे परत आले तेव्हा भिवाजीने त्यांच्यासाठी चहा टाकला.

माझ्यासाठी नवा सांधा कुठे मिळेना. त्या जातीचे भाग बनणेच बंद झाले होते. सरांनी खटपट केली, पण मी पुन्हा उडाले नाही. पुढे नंदाबाई या तंत्रशाळेत शिकवू लागल्या आणि मला इथे घेऊन आल्या; मुलांना तो तडा बघता यावा म्हणून त्यांनी माझा उजवा पंख काढून ठेवला. मंजुळा वर्षभराने दुसरीकडे, दुसऱ्या विमानात एकटी उडाली. पेढे घेऊन ती इथे आली होती, एक पेढा माझ्या नाकावरही ठेवून गेली.

शहाण्णव साली चौबळ सर आले. थकले होते, पण कपडे अजून कडक इस्त्रीचे. त्यांनी काढून ठेवलेल्या पंखाची ती जागा अंगठ्याने चाचपली.

"नंदा, त्या दिवशी मी वर होतो, तेव्हा तू काय करत होतीस?"

"पंखाकडे बघत होते, सर. तुम्ही उतरेपर्यंत."

"मीही," सर म्हणाले.

मित्रांनो, दर वर्षी मुले इथे शिकायला येतात आणि माझ्या अंगावरची चकाकी बघून म्हणतात, हे तर अजून उडेल. मला दुखले असते तर मीच कोणाला तरी सांगितले असते, पण धातूला ते जमत नाही. म्हणून तुमचे यंत्र कितीही लाडके असो, त्याचे झाकण उघडा, रंग खरवडा, आत बघा. आणि जो माणूस उघडून बघा म्हणतो, त्याला आधी वैरी समजू नका.